मानवाली आपा

आपा पेशंटच्या मानेला पहिली दहा मिनिटं हातच लावत नसत. दिग्रसहून, दारव्ह्याहून बस बदलत आलेला माणूस शर्टाची वरची गुंडी सोडून, मान पुढे करून बसायचा आणि आपा टेबलापलीकडून त्याच्याकडे नुसत्या बघत राहायच्या. मग विचारायच्या, "मान दुखते म्हणून काय बंद पडलं तुमचं?" पेशंट बुचकळ्यात पडायचा. दुखतं कुठे, कधीपासून, कळ हातात उतरते का, हे प्रश्न त्याच्या सवयीचे असायचे. "बंद म्हणजे?" तो विचारायचा. "म्हणजे पहिले करत होते अन् आता करत नाही, असं काय?" मग काहीतरी बाहेर यायचं. कोणाचं सायकल चालवणं, कोणाचं नमाजात डोकं टेकणं, एका म्हातारीचं झाडावरचा आंबा पाहणं. आपा ते कागदावर सगळ्यात वर लिहायच्या, त्याखाली रेघ मारायच्या आणि मगच उठून पेशंटच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या.

आर्णीच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात आपा फिजिओथेरपिस्ट होत्या. मी नागपूरहून त्याच विषयाची ताजी डिग्री घेऊन तिथे रुजू झाले. आमचं घर यवतमाळचं. वडील कचेरीत, काका कचेरीत, आजोबाही कचेरीतूनच निवृत्त झालेले. माझं काम फायलींऐवजी माणसांवर असणार याचं घरात कौतुक होतं आणि थोडी काळजीही. रोज सकाळी सातच्या एसटीने मी आर्णीला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. पहिल्या दिवशी स्टँडवर दवाखाना कुठे म्हणून विचारलं, तर पानवाला म्हणाला, "मानवाली आपाचा? सरळ जा, पिंपळाखाली." पाटीवर ट्रस्टचं लांबलचक नाव होतं, पण ते कोणी घेत नसे.

पन्नाशीच्या, बुटक्या, पांढऱ्या ओढणीची घडी कधी न मोडणाऱ्या आपा मूळच्या पांढरकवड्याच्या. त्यांचे वडील हायवेवर ट्रकची इंजिनं दुरुस्त करायचे. "अब्बा इंजिन खोलायच्या आधी ड्रायव्हरले बोलू देत," त्या सांगायच्या. "आवाज कधी येते, चढावर येते का उतारावर, माल भरल्यावर येते का खाली गाडीले. अर्धं काम तिथंच होऊन जाय. बाकीचे मेकॅनिक पहिलेच पाना घेत."

मी पहिल्याच दिवशी विचारलं की ट्रॅक्शनचं मशीन कुठे आहे. मान बांधून ताणणारं ते मशीन मी कॉलेजात वर्षभर चालवलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. आपांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे फुलाफुलांच्या चादरीखाली काहीतरी झाकलेलं होतं आणि त्यावर सगळ्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते.

"बिघडलंय का?"

"नाही. मस्त चालते. पेशंट मात्र पडून राहते." मग माझा चेहरा पाहून त्या जरा नरमल्या. "बेटा, मीही दहा साल हेच केलं. लोकं रोज येत, ताणून घेत, घरी जात, परत येत. त्यांना मजा वाटे अन् मलेही. मग वाचायला लागली, अन् समजलं की एवढ्या लोकांना मी फुकट झोपवून ठेवलं."

त्या वाचायच्या, हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं. त्यांची एक वर्गमैत्रीण नागपूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात होती. ती महिन्या-दोन महिन्यांनी खाकी पाकिटातून मानदुखीवरच्या संशोधनाच्या झेरॉक्स पाठवायची. दुपारी गर्दी ओसरली की आपा ते कागद, एक जाड डिक्शनरी आणि लाल पेन्सिल घेऊन बसत. त्यांचं शाळेपर्यंतचं शिक्षण उर्दूत झालेलं. इंग्रजी त्या माझ्यापेक्षा हळू वाचत आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त समजून घेत, हे लक्षात यायला मला दीड वर्ष लागलं.

त्यांचा एक नियम होता. वाचलेला पेपर आधी शेवंताबाईंना समजावून सांगायचा. शेवंताबाई दवाखाना झाडायच्या, नंबर पुकारायच्या आणि मध्ये वेळ मिळाला की आमच्या खोलीत येऊन टेकायच्या. माझ्यावर पहिल्यांदा ही वेळ आली तेव्हा मी खुर्चीत ताठ बसून सुरुवात केली, "दीर्घकालीन मानदुखीमध्ये स्नायूंचं बळ वाढवणारे व्यायाम आणि रुग्णाचं प्रबोधन यांचा एकत्रित परिणाम..."

शेवंताबाईंनी हात वर केला. "ताई, हे मराठी हाये का?"

आपा ओढणीत तोंड लपवून हसल्या. मग म्हणाल्या, "शेवंताबाई, मान दुखते म्हणून तिले हलूच नाही दिलं, त ते अजून आखडते. थोडी दुखली तरी हळूहळू फिरवली, खांद्यात जोर आणला, कामधंदा अगदीच सोडला नाही, त बहुतेकांची सुधरते. दोन-तीन महिने लागतात."

"बहुतेकांची म्हणजे माझी सुधरन का?"

"ते ह्या कागदात नाही," आपा म्हणाल्या. "तुमचं काय होते, ते इथं आपल्यालेच पाहावं लागन."

त्यावेळी मला ते पेशंटला गोड बोलून गप्प करण्यासारखं वाटलं. आज मी विद्यार्थ्यांना शिकवते तेव्हा दोन तास खर्चूनही याहून नेमकं काही सांगता येत नाही.

कापसाची ती वाईट वर्षं होती. वर्तमानपत्रात रोज आमच्या जिल्ह्याचं नाव यायचं आणि गाड्या भरून बाहेरची माणसं गावं बघायला यायची. आमच्या खोलीत यायच्या त्या माना. घरातला एक माणूस कामासाठी बाहेरगावी गेला की त्याच्या वाट्याचं ओझं मागे राहिलेल्यांवर पडायचं. बायका वेचणीला जायच्या, वेचलेल्याचं गाठोडं डोक्यावर आणायच्या, पाणी लांब गेलेलं असायचं तेही डोक्यावरच. आणि त्यात कोणाला झोप नसे. जुन्या मानदुखीचा झोपेशी आणि चिंतेशी जवळचा संबंध असतो, असं एका पेपरात आलं होतं. मी ते वाचून पान उलटलं होतं. आपांनी दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पेशंटला झोपेचं विचारायला सुरुवात केली. उत्तर देताना कोणी खाली बघून फारच हळू बोलू लागलं, की आपा कागद बाजूला सारायच्या. "मानेचं नंतर पाहू. पहिले चला माझ्यासंग." कोपराला धरून त्या माणसाला स्वतः दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत न्यायच्या आणि तिथेच बसून राहायच्या. आत काय बोलणं व्हायचं ते मला कळत नसे. एक बाई मात्र मान बरी झाल्यावरही कितीतरी महिने दर बाजाराच्या दिवशी यायच्या, दारातून आपांना तोंड दाखवायच्या आणि निघून जायच्या.

सोनीबाई आली ती गळ्यात पट्टा घालून. आर्णीजवळच्या तांड्यावरची, चाळिशीची. मोठ्या शहरातल्या कोण्या डॉक्टरने एक्सरे पाहून तिला सांगितलं होतं की मणके झिजलेत, मध्ये गॅप आलाय, डोक्यावर वजन घेतलंस तर एक दिवस हातपाय जातील. तेव्हापासून दोन वर्षं तिने पट्टा काढलाच नव्हता. झोपतानाही नाही. आपांच्या नेहमीच्या प्रश्नावर ती म्हणाली, "सगळंच बंद पडलं, बाई. मी घरात ठेवलेल्या भांड्यावाणी झाली. नातीले उचलत नाही. सून पाणी आणते अन् माझ्याकडं पाहत नाही."

तिने पिशवीतून एक्सरे काढला. आपांनी तो खिडकीच्या काचेला लावला. मग कपाटातून दुसरा एक जुना एक्सरे काढून त्याच्या शेजारी लावला.

"पाहा. ह्या दोन्हीत कोणाचा गॅप जास्त दिसते?"

सोनीबाईने पुष्कळ वेळ पाहिलं. "ह्या जुन्यातला. लयच झिजला हा. कोण आहे बिचारा?"

"मी," आपा म्हणाल्या आणि मान उजवीकडे, डावीकडे, वर, खाली फिरवून दाखवली. "वय झालं की केस पांढरे होतात का नाही? तसं आतही होते. तुझी मान दुखते हे खरं आहे. पण ह्या फोटोत जे दिसते ते माझ्याकडंही आहे, अन् मले काही होत नाही."

सोनीबाईचा एकदम विश्वास बसला नाही. आपांनीही घाई केली नाही. आधी त्यांनी तिचे हात, पाय, ताकद, चाल सगळं तपासलं आणि मगच पट्ट्याकडे वळल्या. पहिल्या आठवड्यात फक्त जेवताना पट्टा काढायचा. मग चहा करताना. मग तांड्यावरून फिरून येताना. पेपरात सांगितलेले व्यायाम रबरी पट्ट्या आणि डंबेल्सवर होते. आपांनी त्यासाठी पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक जुनी ओढणी दिली. आठवड्यातून तीन दिवस, सकाळचा स्वयंपाक झाला की करायचे. पाचव्या आठवड्यात त्यांनी तिला दवाखान्यातच पाण्याचा रिकामा गुंड डोक्यावर ठेवायला लावला. तिचा तो गुंड आपांनी धरला नाही, फक्त समोर उभ्या राहिल्या. ती वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. पुढच्या वेळी गुंडात दोन तांबे पाणी होतं.

तीन महिन्यांनी ती आली तेव्हा कडेवर नात होती आणि पट्टा नव्हता. दुखणं पूर्ण गेलं नव्हतं. वेचणीच्या दिवसांत मान भरून येते, असं तिनेच सांगितलं. "पण आता भ्या वाटत नाही," ती म्हणाली. तिच्या बंजारा गोरबोलीत आईला याडी म्हणतात. त्या दिवशी जाताना ती आपांना पहिल्यांदा याडी म्हणाली, आणि वयात फारसं अंतर नसूनही आपांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं.

हे सगळं पाहून मी हुरळून गेले. कोणी एक्सरे मागितला की मी मोठ्या आत्मविश्वासाने नको म्हणू लागले. कोणी पट्टा घालून आलं की मला स्फुरण चढे. त्याच वर्षी गजाननभाऊ आले. कापसाच्या जिनिंग कारखान्यात काम करायचे. त्या हंगामात जिनिंग उशिरा सुरू झालं आणि लवकर बंद पडलं, म्हणून ते ट्रकवर हमाली करत होते. मान अवघडलेली, बोटांना मुंग्या. मी आपांसारखंच विचारलं, "काय बंद पडलं तुमचं?"

"शर्टाच्या गुंड्या लावणं," ते म्हणाले. "बोटं ऐकत नाही."

मी ते कागदावर सगळ्यात वर लिहिलं, खाली रेघ मारली आणि पुढे गेले. त्यांना एक्सरे हवा होता. मी त्यांना केस पांढरे होण्याचं उदाहरण देऊन समजावलं, बाटल्यांचे व्यायाम शिकवले आणि दोन आठवड्यांनी बोलावलं. दोन आठवड्यांनी ते जरा जास्त थकलेले वाटले. मी म्हटलं, सुरुवातीला असं होतं, चालू ठेवा.

तिसऱ्यांदा ते आले तेव्हा आपा वऱ्हांड्यात डबा उघडून बसल्या होत्या. गजाननभाऊ अंगण ओलांडून येत होते. त्यांच्या उजव्या पायातली चप्पल मागे राहिली आणि ते तसेच तीन-चार पावलं पुढे आले. आपा डबा तसाच ठेवून उठल्या.

"भाऊ, तुमची चप्पल?"

त्यांनी खाली पाहिलं. पाय अनवाणी आहे हे त्यांना तोवर कळलंच नव्हतं.

आपांनी त्यांना एका रेषेत चालायला लावलं, तर ते डुलत होते. मुठी भराभर उघडझाप करायला सांगितल्या, तर बोटं अडकत होती. गुडघ्यावर हातोडी नुसती टेकवली तरी पाय उडाला. मी बाजूला उभी राहून पाहत होते. हातोडी मलाही चालवता येत होती. पुस्तकात मी ते सगळं वाचलं होतं.

"गजाननभाऊ," आपा शांतपणे म्हणाल्या, "मानेतून जे मोठी नस खाली जाते, ते दबून राह्यली. व्यायामानं हे बरं होणार नाही. आज नागपूरले जायचं."

"आज? घरी सांगून उद्या..."

"आजच. दुपारच्या गाडीनं. घरी मी माणूस पाठवतो."

त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं, नागपूरच्या हॉस्पिटलला फोन लावायला लावला आणि स्वतः चिठ्ठी लिहिली. गजाननभाऊंची बायको मंदाबाई धावतच आल्या. एक वाजायच्या आत दोघं बसमध्ये होते. त्याच आठवड्यात त्यांचं ऑपरेशन झालं.

दुपारी राहिलेले पेशंट झाले. मग आपांनी कपाटातून एक झेरॉक्स काढली. मी ज्याच्या भरवशावर लोकांना एक्सरे नको म्हणत होते, तोच पेपर.

"ह्यात कोण कोण नाही घेतलं, ते वाच."

मी वाचलं. अपघात झालेले, कॅन्सर असलेले, ताप आणि वजन घटलेले, मज्जारज्जूवर दाब असल्याची लक्षणं दिसणारे. त्या ओळींवरून मी प्रत्येक वेळी नजर फिरवून पुढे निष्कर्षाकडे गेले होते. माझ्या प्रतीवर त्या भागात एकही खूण नव्हती. आपांच्या प्रतीवर त्याच चार ओळींना लाल पेन्सिलीचा चौकोन होता.

"म्हणजे हा पेपर गजाननभाऊवर नव्हताच," त्या म्हणाल्या. "पेपरवाल्यांनी असा माणूस दारातच थांबवला होता. तू त्याले आत घेतलं."

मला रडू आलं. आपांनी रडू दिलं. मग त्या म्हणाल्या, "तो दोनदा येऊन गेला. मी तुझा कागद एकदाही पाह्यला नाही. वर गुंड्या लिहून आहे, मी नुसतं वाचलं असतं तरी उठली असती. म्हणून हे दोघींचं आहे. पण त्याले सांगावं लागन."

गजाननभाऊ घरी आल्यावर आम्ही गेलो. तिथवर चालत जाताना मी दोनदा थांबले. आपांनी दोन्ही वेळा पुढे जाऊन वाट पाहिली. गजाननभाऊ खाटेवर बसले होते. मी त्यांना सांगितलं की गुंड्या लावता येत नाहीत असं तुम्ही म्हणालात, तेव्हाच मला कळायला हवं होतं आणि मला कळलं नाही. ते म्हणाले, "वरच्या दोन लागतात आता. खालच्या मंदा लावून देते."

मंदाबाई चुलीपाशी पाठमोऱ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "चुकलं, असं घरी येऊन कोणी सांगत नाही हो." आणि थोड्या वेळाने, "पण अजून एक हप्ता गेला असता त?"

मंदाबाईंनी चहा केला, आम्ही प्यालो. गजाननभाऊंच्या डाव्या हाताची दोन बोटं पुढेही नीट वळली नाहीत. हमाली सुटली. एका शाळेवर राखणदारीचं काम मिळालं, त्यासाठी मोठ्या डॉक्टरांनी शब्द टाकला होता. मंदाबाई पुढे आपल्या आईला आमच्याकडे घेऊन आल्या आणि माझ्याच टेबलासमोर बसल्या. त्याचं मला किती बरं वाटलं, हे मी त्यांना कधी सांगू शकले नाही.

आपांनी दुसऱ्याच दिवशी खोलीची मांडणी बदलली. पेशंटची बाकं वऱ्हांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेली, म्हणजे प्रत्येकाला आमच्यापर्यंत चालत यावं लागेल. टेबलावर जुन्या शर्टाचा गुंड्यांचा पट्टा कापून ठेवला. प्रत्येक मानदुखीवाल्याने तो लावून काढून दाखवायचा. आणि शेवंताबाईंना शिकवलं की नंबर पुकारल्यावर पायांकडे पाहायचं. शेवंताबाईंनी ते इतकं मनावर घेतलं, की मी कधी पेशंटच्या मागे वाकलेली असताना त्या दारातून सांगायच्या, "ताई, पुढचा बुढा पाय घासून राह्यला." दोनदा त्यांचं बरोबर निघालं. चार-पाचदा चप्पलच जुनी होती.

मी तिथे सहा वर्षं होते. नंतर लग्न झालं आणि यवतमाळातच मी स्वतःचा लहानसा दवाखाना काढला. माझ्यानंतर दोन वर्षांनी आपांनीही नोकरी सोडली, गुडघे साथ देईनात म्हणून, आणि हैदराबादला मुलीकडे, रुबीनाकडे राहायला गेल्या. निरोपाच्या दिवशी ट्रस्टच्या लोकांनी शाल घातली, भाषणं झाली. आपा उठून एवढंच म्हणाल्या, "ज्यांना मी पहिली दहा सालं मशीनवर झोपवलं, त्यातले कोणी बसले असतील, त माफ करा." लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली.

नंतर आमचं फोनवर बोलणं व्हायचं. आपांचा एक लाडका व्यायाम होता. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, डोक्यामागे घडी केलेला रुमाल हलकेच दाबून धरायचा आणि हनुवटी अगदी थोडी आत घ्यायची. तो त्यांनी शेकडो लोकांना शिकवला होता. मीही शिकवत होते, आणि माझ्या दवाखान्यात त्याला आपांचा व्यायाम असंच नाव पडलं होतं. काही वर्षांनी माझ्या वाचनात पुन्हा पुन्हा येऊ लागलं, की एवढ्या नाजूक, नेमक्या व्यायामाने साध्या व्यायामापेक्षा फार काही जास्त मिळत नाही. माणूस जो नियमाने करेल तो बरा. माझे स्वतःचे पेशंटही तो मध्येच सोडून देत होते. तरी मी तो देत राहिले. वर्षभर तरी दिला असेल. शेवटी एका सकाळी फोन लावला आणि आपांना सगळं सांगितलं.

त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं. "किती वाचले?"

"मिळाले तेवढे सगळे."

"अन् कोण कोण नाही घेतलं, ते?"

"तेही पाहिलं, आपा."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "मग अजून कायले देऊन राह्यली?"

"तुमचा होता म्हणून."

"माझा काहून असन? मीही कुठं वाचलाच होता." त्यांचा आवाज आता पूर्वीसारखा भरीव राहिला नव्हता. "ज्यांना फायदा झाला त्यांना झाला. आता बंद कर. अन् ज्या पेशंटले पहिल्यांदा नाही दिला, त्याचं काय झालं ते मले सांगजो. सहा हप्त्यानं."

दुसऱ्या दिवशी नेरहून एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. मशीनवर पाच मिनिटं मान खाली घातली की खांद्यापर्यंत कळ यायची. लग्नसराईचे ब्लाउज अर्धवट पडले होते. मी त्यांना चालवून पाहिलं, हात तपासले, मग खांद्यांचे दोन साधे व्यायाम दिले, दर अर्ध्या तासाने मशीनवरून उठायला सांगितलं आणि रोज चालायला. रुमालाचा व्यायाम दिला नाही. हात सवयीने रुमालाकडे गेला होता. संध्याकाळी मी आपांना फोन करून सांगितलं की सुरुवात झाली, नेरच्या बाई आहेत. "बरं," त्या म्हणाल्या. "घाई करू नको."

सहा आठवडे झाल्यावर त्या बाई परत येऊन गेल्या आणि मी त्यांची फाईल समोर ठेवून हैदराबादला फोन लावला. रुबीनाने उचलला. मी आपांना द्यायला सांगितलं. ती म्हणाली, "अम्मी पिछले जुम्मे को चली गईं." सगळं शांतपणे झालं होतं. चार दिवस अंगात ताप होता, एवढंच. आमच्याकडच्या कोणाचे नंबर तिच्याकडे नव्हते.

मी काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवणार, तेवढ्यात तिनेच विचारलं, "आप यवतमाळ से बोल रही हैं ना? नेरवाली बाई के लिए फोन किया था?"

"हो," मी म्हटलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"अम्मी बोल के गई थीं. यवतमाळ से फोन आएगा, मैं सोई हुई हूँ तो भी जो बोले वो लिख लेना." कागद सरकल्याचा आवाज आला. "एक मिनट, पेन लेती हूँ... हाँ, बोलिए."

मी फाईल उघडली आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागले.